मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलातले स्पेशालिस्ट प्रोफेसर घडतात कसे, आणि तिथे टिकतात का?

रानजाई
नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आहे, जरा मोठं लिहिते.

माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा चिपळूणला असतो, वय 16. दहावीनंतर त्याचं अक्षर बिघडायला लागलं, आम्हाला वाटलं आळस. मग बोलणं अडखळायला लागलं, लाळ गळायची, हात पुढे केला की थरथरायचा, आणि चिडचिड इतकी की आईच्या अंगावर धावून जायचा. सात महिन्यांत तीन डॉक्टर झाले. एकानी अभ्यासाचं टेन्शन म्हटलं, एकानी मनाच्या आजाराच्या गोळ्या दिल्या त्यानी पोरगा आणखीनच ताठरला, तिसऱ्यानी एमआरआय काढला आणि मुंबईला दाखवा म्हणून स्पष्ट सांगितलं, त्याचे उपकार.

मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलात न्यूरोलॉजीची ओपीडी. सकाळी 7 ला केसपेपरच्या लाइनीत, नंबर आला साडेबाराला. आधी एका रेसिडेंट मुलानी अर्धा तास बसून सगळं लिहून घेतलं, पार आजीच्या आजारापर्यंत. मग तो आम्हाला प्रोफेसर मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी आधी काही न विचारता नुसतं बघितलं. मग हात कोपरात वाकवून छातीसमोर धरायला लावले, तर ते पंख फडफडल्यासारखे हलायला लागले. नाव लिहायला लावलं. डोळ्यात टॉर्च मारला आणि रेसिडेंटला म्हणाल्या, "बुबुळाच्या कडेला बघ," आणि स्वतः बाजूला होऊन त्याला तिथे उभं केलं. मग नेत्रविभागात स्लिट लॅम्पखाली तपासणी, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), 24 तासांची लघवी कॅनमध्ये साठवून त्यातलं तांबं. विल्सन्स डिसीज निघाला. शरीरातलं जादा तांबं बाहेर पडत नाही, आधी लिव्हरमध्ये आणि मग मेंदूत साठत जातं, बुबुळाच्या कडेलाही.

मॅडमनी विचारलं घरी पाणी कशातून पिता. तांब्याच्या कळशीतून, चांगलं असतं म्हणून आम्ही मुद्दाम प्यायचो. ती बंद. काजू बंद, तिसऱ्या-कालवं (शिंपल्यातले) बंद. आणि मग विचारलं, "ह्याला भावंडं किती?" बहीण आहे, 12 वर्षांची, खेळती-बागडती. "पुढच्या गुरुवारी तिलाही आणा." आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तर हा आजार होतो, त्यामुळे प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता असते. तिच्या तपासण्या केल्या आणि तिलाही निघाला. आज तिला कसलाही त्रास नाही आणि औषध वेळेवर चालू झालंय, नियमित घेतलं तर बहुतेक होणारही नाही म्हणाल्या. हे टाइप करतानाही भरून येतंय मला.

आता प्रश्न. माझी भाची एमडी मेडिसिन झाली, बाँडचं (डिग्रीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष संपत आलंय, डीएम न्यूरोलॉजी (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री) करायचं म्हणते, आणि पुढे टीचिंग हॉस्पिटलातच राहायचा विचार आहे. घरात सगळे विरोधात. मला विचारते, मावशी तू सांग. मी काय सांगू, मी बँकेत होते. पण त्या मॅडमसारखं माणूस घडायला काय काय लागतं आणि ते तिथे टिकतं का, हे जाणकारांनी सांगावं.

कॉलरूम
रानजाई ताई, मी ह्याच रस्त्यानी गेलोय (न्यूरो नाही, नेफ्रो) आणि दहा वर्षं टीचिंगमध्ये काढून आता बाहेर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयत.

आधी वर्षांचा हिशोब. एमबीबीएस साडेचार अधिक इंटर्नशिप एक. एमडी तीन. डीएम तीन. आपल्याकडे मधे मधे बाँडचं एकेक वर्ष. त्यात नीट पीजी (एमडीची प्रवेश परीक्षा) आणि नीट एसएस (डीएमची) पहिल्या फटक्यात निघाली असं धरलं तरी डीएम हातात येईपर्यंत 32-33 वय होतं. आणि ही तर सुरुवात, ह्यानंतर असिस्टंट प्रोफेसर, मग असोसिएट, मग प्रोफेसर. बढतीला पेपर लागतात, रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्स लागतो.

पण तुमच्या मॅडमनी जे केलं ते डिग्रीनी येत नाही. डीएमच्या तीन वर्षांत विल्सन्सचे पेशंट बघायला मिळतात, ओळखायला शिकता. पण न विचारता दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं, आणि पेशंट बरा व्हायला लागायच्या आत बहिणीला बोलवायचं, हे पंधरा-वीस वर्षं एकाच ओपीडीत बसून येतं. कारण तिथे एकच आजार पन्नास रूपांत समोर येतो, आणि आपलं चुकलं तर तो पेशंट सहा महिन्यांनी परत आपल्याच टेबलासमोर येतो. प्रायव्हेटमधे चुकलं तर पेशंट दुसरीकडे जातो, आपल्याला कळतही नाही. मला बाहेर आल्यावर सगळ्यात जास्त हेच जाणवलं.

परळकर
विषय जिव्हाळ्याचा आहे, वडील केईएमच्या ऑफिसात होते, लहानपण त्या आवारातच गेलं.

जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम 1926 चं. शेठ गोरधनदास सुंदरदास ह्यांच्या इस्टेटीतून देणगी मिळाली तीच अशा अटीवर की शिकवणारे सगळे भारतीयच हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. तेव्हा वरच्या जागांवर आयएमएसचे (इंडियन मेडिकल सर्व्हिस) इंग्रज अधिकारी असायचे, त्यांच्या हाताखाली आपल्या माणसाला प्रोफेसर होणं जवळजवळ अशक्य. म्हणजे "आपला डॉक्टर तज्ज्ञ होऊ शकतो, त्याला वॉर्ड द्या, युनिट द्या" हे सिद्ध करायलाच ते उभं राहिलं. जीवराज मेहता पहिले डीन.

आणि मग काय काय झालं बघा. डॉ. रुस्तम जल वकील, ब्लड प्रेशरला तेव्हा धड औषध नव्हतं, वैद्य सर्पगंधा वापरायचे, ह्यांनी ती 50 पेशंटना देऊन, मोजून, लिहून 1949 ला ब्रिटिश हार्ट जर्नलमधे छापलं आणि जगाला दखल घ्यावी लागली, 1957 चा लास्कर पुरस्कार मिळाला. 1952 मधे डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की कुठल्याच नेहमीच्या गटाचं रक्त त्याला चालेना, तोच आजचा बॉम्बे ब्लड ग्रुप. डॉ. प्रफुल्ल कुमार सेन ह्यांनी 16 फेब्रुवारी 1968 ला हार्ट ट्रान्सप्लांट केलं, केपटाऊनच्या, जगातल्या पहिल्या ऑपरेशनला तीन महिनेही झाले नव्हते. पेशंट काही तासच जगला, पण त्यामागे कित्येक वर्षांचं प्रयोगशाळेतलं काम होतं. 6 ऑगस्ट 1986 ला डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या टीमनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली तीही तिथेच, महापालिकेच्या हॉस्पिटलात.

न्यूरोलॉजीचं विचारलंत म्हणून आवर्जून सांगतो. डॉ. नोशीर वाडिया 1957 ला इंग्लंडहून परतले आणि जेजेत न्यूरोलॉजी उभी केली. तोल जाण्याचा एक आनुवंशिक आजार, त्यात डोळे एका बाजूकडून दुसरीकडे नेताना हळू सरकतात, हे त्यांनी आणि डॉ. स्वामींनी नऊ कुटुंबांत बघून 1971 ला लिहिलं. विल्सन्सवरही वाडियांचं काम आहे. नऊ कुटुंबं गोळा व्हायला किती ओपीड्या लागल्या असतील! एकेका कुटुंबाला काका-मामा-चुलत भावंडांसकट बोलवायचं, तपासायचं, कागद जपून ठेवायचे. तुमच्या मॅडमनी "बहिणीला आणा" म्हटलं ना, ती सवय ह्या परंपरेतून आलेली आहे असं मी मानतो.

सह्यकडा
सगळं खरं असेल पण दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या वडलांना एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात ठेवलं होतं (नाव लिहीत नाही). 11 दिवसांत प्रोफेसर दोनदा दिसले, तेही राउंडला, मागे 15 जणांचा घोळका, वडलांच्या पायथ्याशी उभं राहून इंग्रजीत चर्चा आणि पुढचा बेड. बाकी सगळं एक 26 वर्षांचं पोरगं बघत होतं, जे दोन रात्री झोपलेलं नव्हतं. वडील गेले. का गेले हे कोणी बसून सांगितलं नाही. त्या पोरानी मात्र हात धरून सॉरी म्हटलं, त्याच्यावर माझा राग नाही.

मग तज्ज्ञपणाचा उपयोग काय जर तो पेशंटपर्यंत पोचतच नसेल? आणि तज्ज्ञ व्हायला मोठं हॉस्पिटलच लागतं असंही नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ग्रामीण भागात राहून लाल विंचवाच्या दंशावर काम केलं, 1982 ला लॅन्सेटमधे आलं, पुढे प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले. तिथे कुठलं युनिट होतं, कुठले 15 रेसिडेंट होते?

कॉलरूम
सह्यकडा, वडलांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय ते घडतं, आणि चूकच आहे. मी स्वतः असिस्टंट असताना एका इमर्जन्सीच्या दिवशी रात्रभरात इतक्या अ‍ॅडमिशन घेतल्यायत की सकाळी नातेवाइकांशी बोलायचं राहून गेलंय, त्यातले दोन-तीन चेहरे अजून आठवतात. खाली गाद्या टाकून पेशंट असतात तेव्हा युनिट हेडचा वेळ पहिला जातो तो बोलण्यातून. तसं व्हायला नको.

बावस्करांबद्दल पूर्ण आदर. पण त्यांनी तरी काय केलं? एकाच जागी राहून एकच आजार वर्षानुवर्षं बघितला, प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. मी तेच म्हणतोय. फरक इतकाच की युनिटमधे ते एका माणसाच्या अंगात राहत नाही, खाली झिरपतं. लेक्चरर बघतो, रजिस्ट्रार बघतो, हाऊसमन बघतो, त्यातला एक सोलापूरला जातो, एक नंदुरबारला, आणि दहा वर्षांनी नंदुरबारला एखाद्या पोराच्या बुबुळाची कडा कोणीतरी टॉर्च मारून बघतं.

वऱ्हाडी
नागपूरहून लिहितोय. आमच्याकडे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. मेडिकलमधल्या (इथल्या सरकारी कॉलेजातल्या) डॉक्टरांनी इथल्या लोकांत सिकलसेल आहे हे 1950 च्या दशकातच नोंदवून ठेवलं. माझी बायको सिकलसेलची पेशंट आहे, चंद्रपूरकडची. तिला क्रायसिस आला की सांधे, पाठ, छाती असं दुखतं की माणूस किंचाळतं. एका नवख्या ठिकाणी नेलं तर म्हणाले इतकं पेनकिलर कशाला, सवय लागेल. मेडिकलला नेलं की कॅज्युअल्टीतला पोरगाही बघून सांगतो, सलाईन लावा, ऑक्सिजन बघा, छातीचा एक्सरे काढा, दुखणं आधी थांबवा. त्याला कुठून आलं हे? तिथे रोज येतात असे पेशंट. दिल्लीच्या मोठ्या स्पेशालिस्टनी जेवढे सिकलसेल बघितले नसतील तेवढे आमच्या इथल्या सेकंड इयर रेसिडेंटनी बघितलेले असतात.

सेवाग्रामचंही लिहितो. डॉ. सुशीला नायर ह्यांनी 1969 ला कॉलेज काढलं. तिथे डॉक्टरांना प्रायव्हेट प्रॅक्टिस नाही, पूर्ण वेळ हॉस्पिटल. आजूबाजूच्या गावांनी सुगीला ज्वारी द्यायची आणि वर्षभर कस्तुरबा हॉस्पिटलात उपचार, अशी योजना तिथल्याच प्रोफेसरांनी गावात बसून उभी केली. मेडिसिनचा प्रोफेसर असून गावात ज्वारीचा हिशोब करायला बसायचं, ही पण एक एक्स्पर्टीजच आहे.

मांडवी
गोव्यातून. बांबोळीचं जीएमसी, मूळ पोर्तुगीजांच्या काळातलं 1842 चं. नवऱ्याचं हार्टचं तिथेच झालं. एकच मुद्दा मांडते, आमच्याकडे मंत्र्यापासून मासे विकणाऱ्या बाईपर्यंत सगळे तिथेच जातात, लहान राज्य आहे, आणि डॉक्टर गावातला असतो, फेस्ताला-जत्रेला भेटतो. त्यामुळे "सरकारी म्हणजे दुय्यम" असं कोणी म्हणत नाही. भाचीच्या घरच्यांना भीती कसली आहे, पैशाची की मानाची?

रानजाई
मांडवी, दोन्हीची. तिचे बाबा म्हणतात, तिच्या बॅचचा एक जण कॉर्पोरेटमधे लागला, तिनी काय 40 व्या वर्षापर्यंत महापालिकेच्या जिन्यावरून चढउतार करायची का. चुकीचं नाही, त्यांनी कर्ज काढून शिकवलंय.

कॉलरूम, तुम्ही दहा वर्षांनी बाहेर का पडलात? विचारलेलं चालेल ना?

कॉलरूम
चालेल, सांगायलाच हवं.

पैसा हे कारण होतं पण पहिलं नव्हतं. व्यवसायरोध भत्ता (खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा) मिळतो, पगार आता पूर्वीपेक्षा बरा आहे, संसार चालतो. पण मला सुरुवातीची काही वर्षं 120 दिवसांच्या ऑर्डरवर काढावी लागली. 120 दिवस संपले की एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवीन ऑर्डर. घरासाठी कर्ज मागायला गेलो तर बँक विचारते नोकरी कायम आहे का. कायम झालो तर इन्स्पेक्शनच्या (कॉलेजच्या मान्यतेसाठीच्या तपासणीच्या) वेळी दुसऱ्या जिल्ह्यात तात्पुरती बदली, तिथे कागदावर माणूस दाखवायला. इकडे माझे डायलिसिसचे पेशंट, ज्यांच्या नसा, ज्यांची औषधं, ज्यांच्या घरची परिस्थिती मला पाठ होती, ते दीड महिना दुसऱ्याकडे. परत आलो तर त्यातली एक बाई गेली होती. बदलीमुळेच गेली असं मी म्हणू शकत नाही. पण मी असतो तर तिचं वजन का वाढतंय हे मला आठवड्यात कळलं असतं.

तज्ज्ञ माणूस म्हणजे सुटा पार्ट आहे, इथून काढून तिथे बसवला की चालेल, असं वरच्यांना वाटतं. तो त्याच्या ओपीडीला, त्याच्या सिस्टरला, टेक्निशियनला, रजिस्टरला बांधलेला असतो. मला बाहेर पडल्याचं दुःख ह्याचं जास्त आहे की ती रजिस्टरं तिथेच राहिली आणि ती उघडून काय शोधायचं हे माहीत असलेला मी इथे.

जुनी_सिस्टर
मी 34 वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आणि मग सिस्टर इनचार्ज होते. डॉक्टर लोक लिहितायत म्हणून थांबले होते, पण आता लिहिते.

कोण पुढे मोठा डॉक्टर होणार हे आम्हाला पहिल्या सहा महिन्यांत कळायचं. हुशारीवरून नाही हं, हुशार तर सगळेच असतात. रात्री 3 ला कॉल केला की "काय झालं" विचारायच्या आधी जो बेडकडे चालायला लागतो तो. जो आम्हाला विचारतो, सिस्टर तुम्हाला काय वाटतं. जो मावशींना विचारतो की म्हातारीनी सकाळी चहा घेतला का, कारण चहा घेतला नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. आमच्या युनिटचे एक सर होते, राउंड संपला की सगळे गेल्यावर एकटे परत यायचे, पाच-दहा मिनिटं, आणि ज्या पेशंटबद्दल राउंडला इंग्रजीत बोललं गेलं त्याच्याशी मराठीत नाहीतर हिंदीत बोलून जायचे. रोज. त्यांच्या हाताखालचे तिघं तरी मी बघितले जे पुढे तसंच करायला लागले, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सह्यकडा दादा, तुमच्या वडलांच्या वॉर्डात असा कोणी नव्हता हे वाचून मला फार लागलं.

आणि सायन हॉस्पिटलचं एक सांगते कारण त्याचं कौतुक पुरेसं होत नाही. डॉ. अर्मिडा फर्नांडिस, नवजात बाळांच्या डॉक्टर. आईच्या दुधाची बँक 1989 ला सायनला सुरू केली, आशियातली पहिली. ज्या बाळाच्या आईला दूध नाही किंवा आईच गेली, त्याला दुसऱ्या आईचं दूध, तपासून, पाश्चराइज करून. ह्यात महागडी मशिनं दिसत नाहीत पण कमी दिवसांची, किलो-सव्वा किलोची बाळं ज्यांनी हातात धरलीयत त्यांना विचारा त्या दुधाची किंमत.

ओहायो_मराठी
मी इथे एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात आहे, तुलना म्हणून लिहितो. इथे न्यूरोलॉजीची रेसिडेन्सी पहिलं मेडिसिनचं वर्ष धरून 4 वर्षं, मग मूव्हमेंट डिसऑर्डर्सची फेलोशिप 1-2 वर्षं, मग असिस्टंट प्रोफेसर. आठवड्यातले काही दिवस कागदोपत्री राखीव असतात, त्यात पेशंट बघायचे नाहीत, संशोधन किंवा शिकवणं, त्याला प्रोटेक्टेड टाइम म्हणतात. अर्थात संशोधनासाठी ग्रँट स्वतः मिळवावी लागते, नाही मिळाली की ते दिवस आक्रसतात. इथेही पगार बाहेरच्या प्रॅक्टिसपेक्षा कमी.

पण खरं सांगू, माझ्या हातांनी शिकलेलं जे काही आहे ते पुण्याला ससूनला शिकलेलं आहे. इथे एमआरआय आधी येतो आणि पेशंट नंतर. माझा अनुभव असा की डोळ्यांची हालचाल, जिभेची हालचाल, चाल, हे बघायला मी उभा राहिलो की इथले रेसिडेंट जवळ येऊन बघतात आणि विचारतात कुठे शिकलास. भाचीला सांगा, ट्रेनिंग तिथेच कर. फेलोशिपला एक-दोन वर्षं बाहेर जायचं असेल तर जा. पण परत जायला जागा असेल असं आधी बघ, जागा भरलेली असते आणि माणूस मग बाहेरच राहतो. माझं तेच झालं.

सह्यकडा
सिस्टर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या पोराला भेटायला पाहिजे होतं आपण. त्याचं नाव डिस्चार्ज पेपरवर आहे, शोधतो.

माझं मत थोडं बदललंय पण पूर्ण नाही. प्रोफेसरनी रोज 10 मिनिटं नातेवाइकांसाठी ठेवावीत, ती त्यांच्या कामातच धरावीत, आणि रेसिडेंटला झोपू द्यावं. हे झालं तर मी स्वतः माझ्या मुलीला सांगेन टीचिंगमधे जा म्हणून.

वऱ्हाडी
+1. आणि जागा कायम भरा. आमच्या इकडे सुपरस्पेशालिटीची बिल्डिंग असते, मशीन असतं, माणूस नसतो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा प्रिंट काढून भाचीला आणि तिच्या बाबांना दिला, बाबांनी जुन्या सिस्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिनी नीट एसएसचा अभ्यास चालू ठेवायचं ठरवलंय, आणि कॉलरूमचा अनुभव वाचून कुठल्या कॉलेजात कायम जागा किती आणि रिकाम्या किती ते ती आता शोधतेय. एवढ्यावरून घरात सहमती झाली असं नाही, पण जिन्याचा विषय आता निघत नाही.

पुतण्याचं अक्षर सुधारतंय, नाव वाचता येतं आता. एक मात्र झालं, मागच्या गुरुवारी कळलं की मॅडम मार्चमधे रिटायर होतायत. माझ्या जाऊबाईंचा चेहराच पडला. मॅडमनी पहिल्या दिवशी टॉर्च हातात दिला होता तो रेसिडेंट आता पास होऊन तिथेच लागलाय, सध्या तात्पुरत्या ऑर्डरवर. मॅडमनी त्याला बोलवून दोन्ही मुलांची फाईल त्याच्या समोर ठेवली. त्यानी फाईल न उघडता पुतण्याला हात पुढे धरायला सांगितले आणि बघत बसला, आणि मग बहिणीकडे वळून तिची शाळा कशी चाललीये ते विचारलं.

पुढची तारीख एप्रिलमधली आहे, दोघांच्या लघवीच्या तपासणीसकट. तेव्हा तो तिथे असेल ना, हे जाऊबाईंनी विचारलं तर तो म्हणाला, ऑर्डर निघाली तर नक्की.